उत्तर न आल्यास होकार

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

नोकरी सुरू झाली. पत्ता पाकिटाच्या मागे आहे. खोली चौथ्या मजल्यावर, खिडकी एक, शेजारी शांत. तू विचारशीलच म्हणून: हो, दोन्ही वेळा जेवते.

परवा फोनवर तू "नक्की करतेस काय?" असं विचारलंस. मी सांगितलं, तुला ऐकू आलं नाही आणि तू "वा, वा" म्हणालीस. म्हणून लिहून सांगते. कंपन्यांच्या कारभारावर नजर ठेवणारं हे सरकारी कार्यालय आहे. सभांचे वृत्तांत, ठराव, हिशेब, सगळं कंपन्यांना आमच्याकडे पाठवावं लागतं. ते माणसांनी वाचायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. मी प्रोग्राम लिहिते. तो वाचतो आणि खटकेल ते बाजूला काढतो. पुढची चौकशी दुसरे लोक करतात.

रुजू होताना एक फॉर्म भरून घेतला. आपला कुणी नातेवाईक एखाद्या कंपनीत संचालक आहे का, असा प्रश्न. नातेवाईक म्हणजे कोण, तेही खाली छापलेलं: आईवडील, भावंडं, नवरा, मुलं. आत्या त्यात नाही. आमच्या विभागाच्या प्रमुख, मॅडम, त्यांना विचारलं. "व्याख्येत नाही ना? मग रिकामं सोड," म्हणाल्या. सोडलं. पहिलीपासून बारावीपर्यंत जिच्या घरी राहिले, ती कागदावर माझी कुणी लागत नाही.

तरी एक ठरवून टाकू. तुझ्या कंपनीबद्दल मी विचारणार नाही, माझ्या कामाबद्दल तू विचारू नकोस. बाकी सगळं लिही.

तुझी,
टाचणी


२३ जानेवारी

चि. टाचणी,
अनेक आशीर्वाद.

कागदावर मी तुझी कुणी नाही हे फार बरं झालं. तू फोडलेल्या चष्म्यांचं बिल आता परक्या माणसासारखं वसूल करता येईल.

तू विचारणार नाहीस, पण मी सांगणार. नाहीतर पत्रात लिहू काय, कुंड्यांना पाणी घातलं? मंडळावर मला का घेतलं हे मला पक्कं ठाऊक आहे. मंडळावर एक बाई हवी आणि ती मालकांच्या घरातली नको, असा नियम निघाला. अध्यक्ष म्हणजे माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गातला आमचा मॉनिटर. त्याने विचार केला असेल, आपल्या बाईंइतकी बाई दुसरी कुठे मिळणार! औषधाच्या बाटल्यांचा कारखाना, काचेतलं मला थोडंफार कळतं. गेले मी. गाडी न्यायला येते, खुर्ची गुबगुबीत असते, चहा मात्र पाणचट.

सभा आता बहुतेक संगणकावरच होतात. सगळे एकदम बोलतात आणि मला निम्मं ऐकू येत नाही. हे मंडळात कुणाला सांगितलेलं नाही, तूही कुठे बोलू नकोस. मी मान हलवते. महत्त्वाचं काही असलं की सभा न घेता कागद फिरवतात, ते मला सोयीचं. कागद पुटपुटत नाही.

मागच्या महिन्यात असाच एक कागद आला. मॉनिटरच्या मेहुण्याची कंपनी आपल्यासाठी गोदाम बांधतेय, तिला भलीमोठी रक्कम आगाऊ द्यायची. मी आधी एकदा विचारलं होतं, "गोदाम आहे कुठे रे?" तर म्हणाला, "पुढच्या वेळी गाडीने नेऊन दाखवतो, बाई." ती गाडी काही आली नाही. म्हणून मी त्या कागदाला उत्तरच दिलं नाही. तुला आठवतं ना, वर्गात गोंधळ झाला की मी ओरडायचे नाही. खडू खाली ठेवून गप्प उभी राहायचे, की मागच्या बाकापर्यंत सगळे चिडीचूप. त्या वर्गात हाही होता. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला बरोबर कळतो.

काल बाजारात ग्रंथपाल बाई भेटल्या. त्यांनी आणि खेळाच्या सरांनी निवृत्तीचे पैसे आमच्याच कंपनीच्या ठेवीत ठेवलेत. म्हणाल्या, "तुम्ही तिथे बसलात ना, मग आम्ही निर्धास्त." मला फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुझी,
(कुणीही नसलेली) आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

विचारणार नाही असं म्हटलं होतं. एक प्रश्न विचारते. तो कंपनीबद्दल नाही, रिकाम्या जागेबद्दल आहे.

प्रोग्राम लिहिताना, जिथे उत्तरच आलेलं नाही तिथे काय धरायचं हे आधी ठरवावं लागतं. शून्य धरायचं, ओळ वगळायची, की थांबून पुन्हा विचारायचं. तू ठरवलं नाहीस तर यंत्र आपलं आपण काहीतरी धरून पुढे जातं. तुझ्या त्या कागदाचं काय झालं? तू गप्प बसलीस, तेव्हा तिथे काय लिहिलं गेलं? सचिवांना विचार. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस, कागद बघ.

कान तपासून घे. मान हलवणं हा उपाय नाही.

तुझी,
टाचणी


२० फेब्रुवारी

चि. टाचणी,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. कंपनीचे कागद सांभाळणारा सचिव हा तरुण पोरगा आहे, पंख्याखालीही घाम पुसत असतो. त्याने फाइल उघडली.

"बाई, खाली ओळ आहे ना."

"कुठे?"

त्याने बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत: 'शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास सदस्यांचा होकार समजण्यात येईल.'

"म्हणजे मी गप्प बसले..."

"म्हणजे हो म्हणालात, बाई."

"आणि बाकीचे?"

"तेही गप्पच होते. एकमताने मंजूर."

तशीच मॉनिटरच्या खोलीत गेले. म्हटलं, हे काय रे? तो उठून उभा राहिला, अजून राहतो. म्हणाला, "बाई, नको होतं तर नको म्हणायचं. तुमच्या चेहऱ्यावरून ओळखायला मी काय आता आठवीत आहे? आणि कागदावर चेहरा दिसतो का?" मला त्याला फटका द्यावासा वाटला आणि त्याच वेळी वाटलं, बोलतोय ते बरोबर आहे.

राजीनामा देते म्हटलं. तर हात जोडले. "आत्ता गेलात तर बोभाटा होईल. ठेवीदार एकदम धावत येतील, आणि एकदम सगळ्यांना द्यायला कुठल्याच कंपनीकडे पैसे नसतात. डिसेंबरअखेरच्या हिशेबांवर सह्या होऊ द्या, मग सन्मानाने जा. गोदामाचे पैसे तोवर परत आलेले असतील."

आता खरा प्रश्न, टाचणे. हिशेब तपासणाऱ्या समितीत मी आहे. त्या हिशेबांवर माझी सही लागणार. सही केली, तर न पाहिलेलं गोदाम पाहिलं म्हटल्यासारखं. कारण लिहून आत्ताच बाहेर पडले, तर माझं नाव स्वच्छ राहील. पण ग्रंथपाल बाईंना काय सांगू? माझ्या भरवशावर तुम्ही आत आलात आणि मीच आधी दार गाठलं? तोंड कसं दाखवू त्यांना?

सभा मार्चच्या मध्याला आहे. थांबू की निघू? तू सांगशील ते करीन. मागच्या प्रश्नाने तूच माझे डोळे उघडलेस.

तुझी,
आत्या


३ मार्च

प्रिय आत्या,

पत्र मिळालं.

कानांच्या डॉक्टरांकडे गेलीस की नाही, ते लिहिलं नाहीस. जा. दोन्ही कानांचं यंत्र घे, एकाच कानाचं घेतलंस तर आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

बेल ऐकू येत नाही म्हणून दूधवाला परत जातो असं बाबा म्हणत होते. त्यावर उपाय सोपा आहे. बेलच्या जोडीने एक दिवा बसवायचा. बटण दाबलं की बेल वाजेल आणि दिवाही लागेल. दिवा स्वयंपाकघराच्या दारावर लाव, कारण तू बहुतेक वेळ तिथे असतेस. आकृती सोबत जोडली आहे. वायरमनला दाखव. "कशाला एवढं" म्हणाला तर दुसरा बघ.

इथे ऊन वाढलंय. काळजी घे.

तुझी,
टाचणी


२४ मार्च

चि. टाचणी,
अनेक आशीर्वाद.

तुझी आकृती फार सुरेख आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं तिच्यात सापडलं नाही. पत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

मग बसून विचार केला. ही मुलगी म्हणजे चुकलेलं दिसलं की गप्प बसणारी नव्हे. सातवीत असताना पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "आत्या, तू काल फळ्यावर लिहिलेलं समीकरण चूक होतं." तिला 'निघ' म्हणायचं असतं तर लिहिलंच असतं. लिहिलं नाही, म्हणजे थांबायला तिची हरकत नाही. मंडळाची पद्धत अशी मंडळाच्याच कामी आली!

थांबले. सही केली. मॉनिटरने सगळ्यांसमोर "बाईंनी लाज राखली" असं म्हटलं. या वेळी मला ते नीट ऐकू आलं, कारण कानात यंत्र आहे. दोन्ही कानांत, तुझ्या हुकुमाप्रमाणे. स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकून मी दोन दिवस मागे वळून बघत होते.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, पत्र घालत जा.

तुझी,
आत्या


९ ऑगस्ट

चि. टाचणी,
आशीर्वाद.

मार्चनंतर तुझं अक्षर पाहिलेलं नाही. मे महिन्यात एक खोकं आलं, त्यात माझ्या यंत्राच्या बॅटऱ्या. खोकं उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. उपयोगी पडल्या. तुझी तब्येत बरी आहे एवढं दादाकडून कळतं.

जूनमध्ये नोटीस आली. तुझ्या कार्यालयाची आहे, तुझी नाही, एवढं मला कळतं. गोदाम नाहीच. मोकळी जमीन आहे आणि तिला कुंपणसुद्धा नाही. ठेवींची परतफेड कंपनीने थांबवलीय. खेळाचे सर येऊन गेले. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. ग्रंथपाल बाई रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

मागच्या आठवड्यात सुनावणीला येऊन गेले. समोर तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी विचारलं, "गोदाम पाहिलं होतंत?"

"नाही."

"हरकत घेतलीत?"

"मनातल्या मनात."

कुणी हसलं नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते. एक सांगते, यंत्रामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. संचालक झाल्यापासून एखादी बैठक अशी पुरती ऐकलेली ही पहिलीच.

संपल्यावर खाली लिफ्टसमोरच्या बाकड्यावर जरा टेकले. तू कितव्या मजल्यावर बसतेस ते माहीत नव्हतं. दिसली असतीस तरी हाक मारली नसती, तुला अडचण नको. नुसतं पाहिलं असतं. मग गाडीची वेळ झाली.

दिवा बसवला नाही. वायरमन "कशाला एवढं" म्हणाला आणि मला दुसरा बघायचा कंटाळा आला. तसंही हल्ली कुणी येत नाही.

तुझी,
आत्या


१८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आदेश काल जाहीर झाला, म्हणून आज लिहिता येतंय. तुझ्याकडे प्रत आली असेल. 'संचालक क्र. ४ यांनी कोणत्याही टप्प्यावर लेखी हरकत घेतलेली नाही.' ते वाक्य बरोबर आहे. मी ते लिहिलेलं नाही. बरोबर आहे एवढंच म्हणते. पाच वर्षं कुठल्याही मंडळावर बसायचं नाही, याचं तुला काही वाटणार नाही. पण तुझं नाव आणि मॉनिटरचं नाव एकाच परिच्छेदात आहे.

आता जे माहीत असायला हवं ते सांगते.

तुझं जानेवारीचं पत्र वाचून मला प्रश्न पडला होता की अशा गप्प बसण्याचा होकार किती कंपन्यांत धरला जात असेल. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: कुणीच काही न लिहिता एकमताने मंजूर झालेले ठराव, आणि लाभ अध्यक्षांच्या घरात. तुझ्या कंपनीवर नेम धरला नव्हता. पण यादी आली तेव्हा ती वरून तिसरी होती. कल्पना तुझ्या पत्रातून आली होती, आणि पहिल्यांदा सापडणाऱ्यांत तू होतीस.

मी फॉर्म घेऊन मॅडमकडे गेले. म्हटलं, यातल्या एक संचालिका माझी आत्या आहे.

"व्याख्येत नाही ना?"

"नाही."

"मग?"

"तिने मला वाढवलं."

"त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही."

"समासात लिहिलंय. कल्पना तिच्या पत्रावरून सुचली, तेही."

त्यांनी समास वाचला, चष्मा काढला आणि फाइल माझ्याकडून काढून घेतली. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं: थांबू की निघू?

मला उत्तर ठाऊक होतं. 'निघ, आजच, कारण लिहून.' ते लिहिलं असतं तर चौकशीची बातमी फोडल्यासारखं झालं असतं. म्हणून लिहिलं नाही. बेलची आकृती काढली. ती काढायला पूर्ण संध्याकाळ लागली, कारण दुसरं काहीही लिहायला घेतलं की हात त्याच वाक्याकडे जात होता. नंतर तुझं 'सही केली' आलं, आणि मग कुठलंच पत्र लिहिणं सुरक्षित वाटेना.

नियम मी काल रात्री पुन्हा वाचला. माहिती देण्याला मनाई आहे. 'आत्या, मला याचं उत्तर देता येत नाही, माझ्या गप्प बसण्याचा काही अर्थ लावू नकोस', एवढं लिहायला मनाई नव्हती. तेवढं लिहिलं असतं तर कुठला नियम मोडला नसता, आणि तू तुझ्या बुद्धीने ठरवलं असतंस. रिकाम्या जागेचं काय धरतात ते बघ, असं मीच तुला शिकवलं होतं. आणि माझ्याच पत्रात जागा रिकामी सोडली.

सुनावणीच्या दिवशी मी सहाव्या मजल्यावर होते. तू येणार हे माहीत होतं. तुझी गाडी सुटेपर्यंत खाली उतरले नाही. खिडकीतून फाटकाकडे जाताना दिसलीस. हळू चालत होतीस.

तुझी,
टाचणी


२७ नोव्हेंबर

चि. टाचणी,

पत्र मिळालं. तू वागलीस ते नियमाला धरून वागलीस. मी तसं वागले असते तर आज ग्रंथपाल बाई माझ्याशी बोलत असत्या. म्हणजे तुला बोल लावायला मला तोंड नाही.

रकाना नसताना तू माझं नाव समासात लिहिलंस, याचा आनंद व्हायला हवा. झाला की नाही, अजून कळत नाही. ती खिडकी मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. मी खाली बाकड्यावर आणि तू वर. मधे सहा जिने. दोघींनी एकमेकींची अडचण होऊ नये म्हणून काळजी घेतली!

थोडे दिवस लिहिणार नाही. राग नाही. शब्द जुळत नाहीत.

आत्या


६ डिसेंबर

प्रिय आत्या,

आकृतीत एक दुरुस्ती आहे. दिव्याला वेगळा खटका ठेवू नकोस, चुकून बंद राहील.

ग्रंथपाल बाईंसाठी एक अर्ज सोबत पाठवते. ठेवीदारांनी आपला हक्क नोंदवायचा तो हा. तुझ्या हातून घेणार नाहीत असं वाटत असेल तर पोस्टाने पाठव. भरायला सोपा आहे. सगळे पैसे मिळणार नाहीत, काही मिळतील.

माझ्याकडे येऊन राहशील का? खिडकी एकच आहे, पण मोठी आहे.

तुझी,
टाचणी


१९ डिसेंबर

प्रिय आत्या,

माझ्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. त्याचा मी होकार धरलेला नाही, नकारही धरलेला नाही. उत्तर आलेलं नाही, एवढंच धरलंय.

शनिवारी पहिल्या गाडीने येते. तार, पक्कड आणि दिवा बरोबर आणतेय. बसवायला तासभर पुरेल. पण त्यासाठी आधी आत यावं लागेल, आणि बेल तुला ऐकू येईलच असं नाही. म्हणून शनिवारी सकाळपासून कानात यंत्र घालून ठेव. घातलं नसशील तर मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर वाजवीन. काच थरथरलेली तुला दिसते हे मला ठाऊक आहे, लहानपणी उशीर झाला की मी तशीच आत यायचे.

दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. पण तसं दारामागून मोठ्याने सांग. मी पायरीवर थांबते.

तुझी,
टाचणी